भिकेचा कोट

दुधाचा पहिला दात पडेपर्यंत मी माझ्या आईचा नव्हतो. ती मला आपला म्हणत नसे आणि मीही तिला आई म्हणायचं नाही, असं मी जन्मलो त्याच दिवशी ठरून गेलं होतं. साऱ्या आळीसारखा मीही तिला ‘भागाबाई’ म्हणे, आणि भिंतीपलीकडच्या हमीदाबीला ‘अम्मा’. माझ्याआधी आमच्या घरात तीन लेकरं झाली, दोन भाऊ आणि एक बहीण, आणि तिन्ही चालायला लागायच्या आतच गेली. चौथ्या वेळी सुईणीनं नाळ कापली तेव्हा आईनं मला छातीशी धरलं नाही. सुपात ठेवलं, भिंतीवर थाप मारून हमीदाबीला बोलावलं आणि पसाभर कोंड्यावर मला तिला विकून टाकलं. धान कांडल्यावर उरतो तो कोंडा. आमच्या ब्रह्मपुरीकडं तो ढिगानं पडलेला असायचा, गाईम्हशींपुढं टाकायचा. इतक्या कवडीमोलाच्या लेकरावर मरणाची तरी नजर कशाला जाईल, असा त्यातला विचार. हमीदाबीनं मला उचललं, माझ्या जागी सुपात कोंडा ओतला, आणि ‘घे, माझं लेकरू जरा सांभाळ’ म्हणून परत आईच्या कुशीत दिलं. त्यावरून माझं नाव कोंडू.

विकण्याबरोबर आणखी एक अट होती. पहिला दात पडेपर्यंत माझ्या अंगाला विकतचं किंवा घरचं कापड लावायचं नाही, जे काही घालायचं ते मागून आणलेलं. म्हणून दिवाळीच्या आधी आई मला घेऊन घरोघरी फिरायची. कोणी जुन्या धोतराचा तुकडा द्यायचं, कोणी लुगड्याचा काठ, कोणी विटलेली उशीची खोळ. ते सगळं हमीदाबी जोडायची आणि त्याचा माझा सदरा व्हायचा. दारात उभं राहायचं कसं, हे आईनं मला बोलायला येण्याआधीच शिकवलं असावं. “उभा राय. हालू नको. बाईच्या डोळ्यात पाहाय,” एवढंच ती हळू आवाजात म्हणायची. मी पाहायचो. घरातली बाई आत जाऊन काहीतरी घेऊन येईपर्यंत, आणि ती परत आल्यावरही ते पदरात पडेपर्यंत, मी न हलता पाहत राहायचो. पापणीसुद्धा लववायचो नाही म्हणतात.

आमचं घर तळ्याच्या पाळीला लागून. आम्ही ढीवर. बाबा तळ्यात जाळं टाकत, पाणी उतरलं की वैनगंगेवर जात, आणि पावसाळा सरता सरता तळ्यात शिंगाड्याचा वेल पसरला की दिवसभर लाकडाच्या लहानशा डोंग्यात बसून शिंगाडे तोडत. आई मासोळी विकायची आणि उरलेल्या वेळात मुरमुरे, फुटाणे भाजायची. आमच्या घराचा आवाज कोणता असं कोणी विचारलं, तर मला अजून कढईतल्या तापलेल्या वाळूवर तांदूळ पडल्याबरोबर होणारा तो सर्रर्र आवाजच आठवतो, आणि त्यामागून पळसाच्या काड्यांच्या झाडणीनं आई जो ताल धरायची तो. घराला वास सुकलेल्या झिंग्यांचा. भात, झिंग्यांची चटणी, अंबाडीची आंबट भाजी, आणि शिंगाड्याच्या दिवसांत मडक्यात उकडून काळेभोर झालेले शिंगाडे, ज्यांचं कवच दातानं फोडताना ओठ जांभळे व्हायचे.

हमीदाबीचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये एकच मातीची भिंत होती, आणि त्या भिंतीत एक आरपार कोनाडा होता. तो मुद्दाम ठेवलेला की पोपडे पडून झालेला, कोण जाणे. त्यातून विस्तव इकडून तिकडं जाई, कालवणाची वाटी तिकडून इकडं येई, आणि बोलणं तर दिवसभर. हमीदाबीच्या दोन्ही मुली लग्न होऊन वरोऱ्याकडं गेल्या होत्या. तिचे यजमान रहमानचाचा गणपतशेठच्या कापडाच्या दुकानात ओट्यावर मशीन टाकून बसत. ईदेला कोनाड्यातून आधी शेवयांचा वास यायचा आणि मग वाटी.

आई मला कधीही चांगलं म्हणाली नाही. ‘मेल्या’, ‘काळ्या’, ‘कोंड्या’, यापलीकडं हाक नाही. माझ्या गालावर तीट लावायची तर बोटभर काजळ फासायची. कोणी शेजारीण म्हणाली, “भागा, पोरगा चांगला अंगानं भरला वं,” तर आई मान न वळवता म्हणायची, “हमीदाबीचा हाय. तिले सांग.” मला हे सगळं समजत होतं. लहान मुलांना समजतं. मी कोणामुळं विकला गेलो ते मला माहीत होतं, आणि त्या तिघांच्या वाटणीचा भात मी खातो आहे, असं कुठंतरी वाटत राहायचं. आज पन्नाशी उलटली. तरी नवा सदरा अंगात घालताना क्षणभर हात थांबतो. बायकोला वाटतं मी गुंड्या शोधतोय.

तर त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर गणपतशेठनं नागपूरहून मुलांच्या तयार कपड्यांचा एक मोठा पेटारा आणला. आमच्याकडं तोवर तयार कपडे कोणी घेत नसे. अंगाचं माप न घेता शिवलेलं कापड म्हणजे काय, कोणाचं तरी उतरलेलं असेल, असं बायका म्हणत. शेठला त्यावर एक उपाय सुचला. दिवाळीनंतर आमच्या भागात गावोगाव मंडई भरते, दुकानं, झुले, दंडारीचे नाच, आणि त्या सुमारास तंबूतला सिनेमाही येई. सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर दुकानांच्या जाहिराती दाखवत. काचेवर काढलेली चित्रं असायची ती, बिडीची, चहाची, आणि कुठल्या कुठल्या तेलाची. शेठनं ठरवलं की आपल्या दुकानाची तशीच एक काच करून घ्यायची आणि तिच्यावर तयार कोट घातलेला एक मुलगा दाखवायचा. फोटोवाला नागपूरहून येणार, आणि ज्यांना आपलं लेकरू पडद्यावर दिसावं असं वाटत असेल त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानात घेऊन यावं.

रहमानचाचानं ही बातमी कोनाड्यातून सांगितली तेव्हा बाबा जाळ्याची गाठ मारत बसले होते. ते जाळं तसंच टाकून उठले.

“अवं, आपल्या कोंडूले नेऊ,” ते आईला म्हणाले. “साऱ्या मंडईत दिसन. पडद्यावर. एवढा मोठा!” त्यांनी दोन्ही हात पसरले तर हात भिंतीला लागले.

आईनं कढईतली वाळू ढवळणं थांबवलं नाही. “तेच तं नाई पाह्यजे. एका बाईची नजर लागली तं पोरगं आठ दिस उठत नाई, अन् तुमी साऱ्या मंडईची लावाले निघाले.”

“दात हालून राह्यला त्याचा. आज नाई उद्या पडनच.”

“पडू द्या. मंग पाहू.”

“मंग दिवाळी सरन, मंडई सरन, अन् तो काचवाला बी जाईन.” बाबा आवाज खाली आणून म्हणाले, “मले एकडाव पाहू दे वं त्याले. चांगल्या कपड्यात. तिघायले तं पाह्यलंच नाई.”

आईच्या कढईतली वाळू जोरात फिरायला लागली. मी दाराशी बसून जिभेनं दात हलवत होतो. खरं सांगायचं तर मी तो महिनाभर हलवत होतो. आईची सक्त ताकीद होती की त्याला हात लावायचा नाही, आपल्या मनानं पडला पाहिजे. पण जीभ ही काही हात नव्हे.

तेवढ्यात कोनाड्यात हमीदाबीचा चेहरा आला. “काय वं भागा, कोणाच्या पोरावरून भांडून राह्यली?”

“तुह्याच,” आई सवयीनं म्हणाली.

“माह्याच हाय ना? मंग माह्या पोराले मी नेईन. तू कोण अडवणारी?”

बाबा इतक्या जोरात हसले की कोनाड्याच्या कडेची माती पडली. आई पहिल्यांदाच कात्रीत सापडली होती. तिला ‘नाही’ म्हणायचं तर मी तिचा आहे असं कबूल करावं लागत होतं. तिनं झाडणी कढईच्या कडेवर आपटली. मग म्हणाली, “ने. पण नवं कापड त्याच्या आंगाले लागलं तं मी तुले सोडनार नाई.”

“नवं कुठचं? शेठचं हाय. फोटू झाला का काढून घेनार. दुसऱ्याचं कापड म्हंजे भिकेचंच ना?”

“मागितल्याबिगर भीक होते का?” आईनं झाडणी खाली ठेवली. “मी बी येईन. मीच मागीन.”

बाजाराच्या दिवशी दुकानाच्या ओट्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा तिथं अर्धं गाव लोटलं होतं. मास्तरांच्या बायकोनं आपल्या मुलाला इतकी पावडर लावली होती की त्याच्या भुवया दिसत नव्हत्या. एका व्यापाऱ्यानं दोन मुलं आणली होती आणि कोणतं घ्यायचं ते शेठनंच ठरवावं, पण दुसऱ्याला वाईट वाटता कामा नये, असं तो बजावत होता. एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन आली होती आणि कोट नसला तर टोपी तरी घाला म्हणत होती. आयाबाप पोरांच्या पुढं उकिडवे बसून, केस विंचरून, नाक पुसून, “हास बेटा, हास ना बे,” असं दरडावत होते. फोटोवाल्याची तीन पायांची पेटी ओट्याखाली उन्हात उभी होती. तो काळ्या कापडात डोकं घाले आणि समोरचं पोरगं भोकाड पसरे. वकिलांच्या मुलानं तर “त्याचं मुंडकं कुठी गेलं?” असं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता चड्डीत केलं. शेठला दुसरी चड्डी काढावी लागली.

माझ्या नातीला मध्यंतरी सुनेनं नागपूरच्या एका स्टुडिओत नेलं होतं. लहान मुलांच्या कुठल्या पावडरीच्या जाहिरातीसाठी फोटो पाठवायचे होते. ‘बाबा, चालेल ना?’ असं तिनं मला तीनदा विचारलं. मी बरोबर गेलो. तिथंही तेच. आया पोरांच्या पुढं बसलेल्या, केस विंचरणाऱ्या, हास म्हणून दरडावणाऱ्या. आणि अजूनही फोटोवाला आईला आपल्या मागंच उभं करतो. मला त्या थंडगार खोलीत बसून आमच्या बाजारातल्या धुळीचा वास आला.

ऊन कलायला लागलं, पोरं रडून रडून घरी गेली. शेठ घाम पुसत म्हणाले, “आता कोन राह्यलं?”

मशीनवरून चाचा म्हणाले, “एक हाय, शेठ. रडत नाई.”

शेठनं माझ्या ठिगळांच्या सदऱ्याकडं पाहिलं. “हा? कोणाचा पोरगा व्हय?”

“हिचा,” आईनं हमीदाबीकडं बोट केलं.

शेठ चक्रावले. “रहमानभाई, तुमाले पोरगा कधी झाला गा?”

“झाला नाई. कोंड्यात घेतला,” चाचा दातात दोरा धरून म्हणाले, आणि ओट्यावरची सारी माणसं हसली. हमीदाबीही हसली. मी आईकडं पाहिलं. ती हसली नव्हती. ‘हिचा’ हा शब्द मी हजार वेळा ऐकला असेल, पण इतक्या लोकांसमोर कधी नाही. आज तरी, असं मला वाटलं होतं. आज इतकी आईबाप माणसं आपापल्या पोरांना ‘माझा घ्या, माझा घ्या’ म्हणत होती.

शेठनं कोट पुढं केला. तपकिरी, पितळी बटणांचा. आई एक पाऊल मागं सरली आणि तिनं पदर पसरला.

“असा नोका देऊ, शेठजी. पदरात घाला. भीक म्हणून घाला.”

“भीक?” शेठ दचकलेच. “अवं बाई, फोटूसाठी देऊन राह्यलो मी. भिकेचं काय त्याच्यात?”

“मंग नाई जमत.” ती माझा हात धरून वळली.

“दे दो शेठ,” फोटोवाला काळ्या कापडातून ओरडला, “धूप जा रही है.” शेठनं चारी बाजूला पाहिलं, कोट आईच्या पदरात टाकला, वर चड्डीही टाकली, आणि सुटलो एकदाचा असा चेहरा केला. आईनं पदर कपाळाला लावला. मगच तिनं माझ्या अंगातला सदरा काढला.

कोट मला ढगळ होत होता. चाचांनी पाठीमागून मूठभर कापड गोळा करून टाचण्या लावल्या आणि सांगितलं, “हाललास तं टोचन.” पुढून मी साहेबाचा पोरगा दिसत होतो आणि मागून जाळ्यात गुंतलेला मासा. पण न हलता उभं राहणं हे मला कोणी नव्यानं शिकवण्याची गरज नव्हती.

“अब माँ की तरफ देखो,” फोटोवाल्यानं पेटीच्या डोळ्यावरच्या झाकणाला हात घातला. “और हँसो.”

मी उन्हात, दुकानाकडं तोंड करून उभा होतो, आणि मला कळेना कुठं पाहायचं. पेटीच्या एका बाजूला, दुकानाच्या खांबाशी, आई मुरमुऱ्यांची टोपली घेऊन उभी होती. दुसऱ्या बाजूला, कापडाच्या गठ्ठ्यांच्या फडताळापाशी हमीदाबी. हमीदाबी माझ्याकडं पाहून हसत होती, मला हसवायला हातातल्या बांगड्या खुळखुळवत होती. आणि आई खाली पाहत होती. आईची स्वतःची नजर लेकराला सगळ्यात जास्त लागते असं आमच्याकडं मानतात. चांगल्या कपड्यात मी कसा दिसतो ते तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. सदरा काढताना नाही, कोट घालताना नाही. ती आपल्या टोपलीत पाहत उभी होती.

मी तिच्याकडं पाहिलं. तिनंच शिकवलं होतं तसं पाहिलं, दारात उभं राहून पाहायचो तसं, काहीतरी पदरात पडेपर्यंत. फोटोवाल्यानं “हिलना मत” म्हणून झाकण काढलं, आणि त्याच वेळी आईनं मान वर केली. केवढ्याशा वेळापुरती! पण तिनं पाहिलं. पितळी बटणं पाहिली, कॉलर पाहिली आणि मग माझे डोळे पाहिले. मला आपोआप हसू आलं. झाकण पुन्हा बसलं तेव्हा ती परत टोपलीत पाहत होती.

“एक नंबर!” फोटोवाला म्हणाला.

पुढचा गोंधळ शेठच्या मनातही आला नव्हता. “काढा आता कोट,” ते म्हणाले.

“भीक परत जात नाई, शेठजी,” आई शांतपणे म्हणाली.

“म्हंजे?”

“पदरात पडलेलं माघारी देल्लं तं पोराचं मागणं फुकट जाते. मंग आतापर्यंतचं सारं फुकट.” तिला कोट नको होता, हे मला आज कळतं. पण परत दिला तर एवढ्या वर्षांचं उंबरे झिजवणं पुसलं जाईल, याची तिला खरीखुरी भीती वाटत होती. शेठचा चेहरा लाल झाला. त्या मापाचा तेवढा एकच कोट होता आणि गिऱ्हाईक तो पाहून गेलं होतं. कोणीतरी मागून म्हणालं, “ढिवराच्या बाईनं बरं जाळं टाकलं गा शेठवर!” पुन्हा हशा झाला, पण या खेपेला आईचे डोळे भरून आले.

हमीदाबी पुढं झाली. “शेठ, कोट पाह्यजे ना? मंग मागा.”

“मागूनच तं राह्यलो!”

“तसं नाई. तिनं मागितलं तसं मागा. भीक माघारी जात नाई, पन एकानं दुसऱ्याले भीक घालाले कोनाची मनाई हाय?”

गणपतशेठ गावातले मोठे असामी. ते हमीदाबीकडं पाहत राहिले, मग चाचांकडं, मग माझ्याकडं. मी टाचण्यांच्या भीतीनं अजून तसाच ताठ उभा होतो. काय झालं कोण जाणे, त्यांच्या मिशा हलायला लागल्या. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी पसरलं आणि माझ्या आईपुढं वाकून म्हणाले, “घाल बाई, भीक घाल.”

आईनं माझ्या अंगावरचा कोट आणि चड्डी उतरवली, घडी केली आणि त्यांच्या उपरण्यात ठेवली. मग भीक नुसत्या कापडाची नको म्हणून वर ओंजळभर मुरमुरे टाकले. शेठनं त्यातले दोन-चार तोंडात टाकले. “बरे फुलले हायेत,” ते म्हणाले, आणि आई पदराआड हसली. मी माझ्या ठिगळांच्या सदऱ्यात परत शिरलो. तो ऊबदार वाटला, हेही मला आठवतं.

दिवाळी झाली, मंडई भरली. दिवे लागायच्या सुमाराला आम्ही सगळे तंबूत जाऊन जमिनीवर बसलो. मधे मी, एका बाजूला आई, एका बाजूला हमीदाबी, मागं बाबा आणि चाचा. आईनं माझ्या दोन्ही गालांना आणि कपाळालाही काजळ फासलं होतं. बिडीची काच आली, चहाची आली, आणि मग पडदाभर मी आलो. रंगाऱ्यानं तपकिरी कोट निळा केला होता आणि माझे गाल डाळिंबासारखे. बाबा उभेच राहिले. मागचे लोक “बसा बे” म्हणून ओरडले तरी त्यांना ऐकू गेलं नाही.

“अरे, हा तं कोंड्या!” कोणीतरी म्हणालं. “भागाबाई, कोणाचा पोरगा व्हय हा साहेब?”

मी जिभेनं दात दाबून धरला. आई पडद्याकडं पाहत होती. या वेळी तिनं मान खाली घातली नव्हती. पडद्यावरचा मी लोकांकडं पाहत नव्हतो. माझे डोळे एका बाजूला वळलेले होते, आणि ते कुठं वळले होते हे तिच्याशिवाय आणखी दोघांनाच माहीत होतं.

“हमीदाबीचा हाय,” आई म्हणाली. मग थोडी थांबली. “पन माह्याकडं पाहून राह्यला.”

माझं काळीज असं उडालं की त्यानंतरचा सिनेमा कशाचा होता ते मला सांगता येणार नाही. पण दुसऱ्याच क्षणी मला हमीदाबीची आठवण झाली, आणि मी तिच्याकडं पाहायला घाबरलो. मला तिथं नेलं होतं तिनं. बांगड्या वाजवल्या होत्या तिनं. आणि साऱ्या मंडईच्या समोर, पडद्याएवढा होऊन, मी तिच्याकडं पाठ फिरवल्यासारखा दुसरीकडं पाहत होतो. ते ओझं माझ्यावर तेव्हा जे बसलं ते पूर्ण उतरलं असं आजही म्हणवत नाही. माणसानं कोणा एकाकडं पाहिलं की दुसऱ्याकडं पाहायचं राहतंच, हे मी पुढं आयुष्यभर पाहिलं, घरात आणि घराबाहेरही. पण ते पहिल्यांदा कळलं त्या तंबूत.

हमीदाबीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. “पाहिनच ना,” ती आईला म्हणाली. “मी तुह्या बाजूलेच तं उभी होती, भागा. दोघीयकडं पाहून राह्यला तो.”

ती बाजूला नव्हती. ती फडताळापाशी होती. आईलाही ते माहीत होतं. आई एवढंच म्हणाली, “हो वं. होतीच तं तू.”

थंडी पडल्यावर एका सकाळी शिंगाड्याचं कवच फोडताना दात निघून आला. मी तो तळहातावर घेऊन ओरडलो. आईनं कढई चुलीवरून उतरवली, सूपभर कोंडा घेतला आणि दारानं, रीतसर, हमीदाबीच्या अंगणात गेली. हमीदाबीनं कोंडा घेतला, माझा हात आईच्या हातात दिला आणि म्हणाली, “पसाभर देल्ला होता, सूपभर घेतला. मी नफ्यात हाय.” बाबांनी त्याच दिवशी मला शेठच्या दुकानात नेऊन एक सदरा घेतला, निळा, कोरा. तो अंगाला टोचत होता. त्या दिवसापासून मी आईला आई म्हणू लागलो, अडखळत, पुढच्या फटीतून हवा जात असताना. हमीदाबीला मात्र अम्माच म्हणत राहिलो. ते बदलायला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी शेठनं नवी काच करून घेतली आणि कोपऱ्याशी तडकलेली जुनी चाचांना देऊन टाकली. चाचांनी ती आणून कोनाड्यात उभी करून ठेवली, दोन्ही घरांच्या मधोमध. सकाळचं ऊन अम्माच्या अंगणातून येऊन काचेतून आमच्या भिंतीवर पडायचं, संध्याकाळचं आमच्याकडून तिकडं जायचं. एक दिवस वाटी द्यायला म्हणून मी पलीकडं गेलो आणि पहिल्यांदाच ती काच तिकडून पाहिली. आमच्या बाजूनं पाहिलं की तो निळ्या कोटातला मुलगा खांबाकडं पाहायचा, जिथं आई उभी होती. अम्माच्या घरातून तो डावं-उजवं उलटून दिसत होता, आणि फडताळाकडं पाहून हसत होता.